हंगाम सण नक्की कधी घ्यायचा? खेड्यातल्या छोट्या मंडळीचं वर्ष कसं चालवता तुम्ही लोक

कापूसवाला_सेक्रेटरी

सलाम सगळ्यांना. गाव यवतमाळ जिल्ह्यात, मंडळी बत्तीस घरांची, चर्च पत्र्याचं. पाळक साहेबांकडे तीन गावं आहेत त्यामुळे आमच्याकडे ते महिन्यातले दोनच रविवार, बाकीच्या रविवारी आमच्यापैकीच कोणीतरी वचन वाचते आणि दोन शब्द बोलते. मागच्या जानेवारीत मीटिंगमध्ये सेक्रेटरीसाठी कोणी हात वर करेना, मी नेमका चप्पल शोधायले उठलो तर सगळे म्हणे हा उभा राहिला, झालं. तर २०२५ चं पूर्ण वर्ष माझ्या हातून गेलं आणि आता अहवाल लिहायले बसलो तर डोकं फिरून राहिलं.

नाताळाचं टेन्शन नाही, तो मस्त झाला. वीस तारखेपासून कॅरल, घराघरात कापूस भरलेला म्हणून बसायले जागा नाही, पोट्टे कापसाच्या ढिगावर बसून ढोलकी वाजवत होते आणि मग अर्धा गाव पांढऱ्या पाठीनं फिरत होता. २५ ला जेवणाचे दोन गंज, एक मटणाचा आणि एक आलू-वांग्याचा, कारण सरपंचापासून भजनी मंडळापर्यंत सगळे जेवायले येतात आमच्याकडे.

घोळ झाला तो हंगाम सणाचा, म्हणजे शेतातलं पीक चर्चमध्ये अर्पण म्हणून आणतात आणि त्याचा लिलाव करतात त्याचा. शहरातल्या एका मोठ्या चर्चमध्ये ऑक्टोबरमध्ये घेतात म्हणून आम्हीपण १२ ऑक्टोबरला घेतला. सोयाबीन पावसानं काळं पडलेलं, कापूस अजून बोंडातच, तर लोकांनी आणलं काय? केळी, दुकानातले बिस्किटाचे पुडे आणि एक मोठं कोहळं (पुण्याकडच्यांसाठी, लाल भोपळा). लिलावात दोन सख्खे भाऊ त्या कोहळ्यावर भिडले, धुऱ्यावरून (शेताचा बांध) तीन वर्षांपासून बोलणं बंद आहे त्यांचं. एक म्हणे शंभर, दुसरा म्हणे पाचशे, असं करत करत गेलं ते २,१०० ला. टाळ्या वाजल्या. त्याच्या मागोमाग एका म्हातारीनं फडक्यात बांधून आणलेले दोन किलो मूग निघाले, ते साठ रुपयात गेले. ती काही बोलली नाही. फडकं झटकलं, घडी घातली, कमरेला खोचलं आणि निघाली, जेवायलेपण थांबली नाही. तेव्हापासून रविवारी येत नाही. (बायबलमधलं विधवेच्या दोन टोल्यांचं वचन, म्हणजे गरिबाचं थोडंसं दानच सगळ्यात मोठं, ते कोणी सांगू नका, ते मले आतापर्यंत तीन जणांनी ऐकवलं.) आणि ते २,१०० अजून जमा नाहीत, रजिस्टरमध्ये "येणे" म्हणून बसलेत.

तर तुमच्याकडे हंगाम सण कोणत्या महिन्यात असते, लिलाव ठेवावा का बंद करावा, आणि लेंटमध्ये (ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस) लोक आणायचे कसे? राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्याच दिवशी, आमच्याकडे अकरा जण होते, त्यात तीन माझ्या घरचे.

जुना_खजिनदार

ऑक्टोबरचं कोणं सांगतलं बाप्पा तुम्हाले. हंगाम सण म्हणजे हंगाम घरात आल्यावर. आमच्याइकडे अमरावती जिल्ह्यात जानेवारीचा शेवटचा नाहीतर फेब्रुवारीचा पहिला रविवार, तवा कापसाचा दुसरा वेचा झालेला असते, तूर खळ्यावर येते, माणसाच्या खिशात दोन पैसे असते. त्याच्या पुढं जाऊ नका मात्र, कारण ईस्टर कधी २२ मार्चले पडते तं कधी २५ एप्रिलले, आणि लेंट त्याच्या ४६ दिवस आधी सुरू होते. यंदा २०२६ ले ईस्टर ५ एप्रिलले हाये म्हणजे राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीलेच, मंग लेंटात लिलाव अन् जेवणं करान का?

आता गावागावचं वेगळं काऊन तं तेही सांगतो. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली २९ नोव्हेंबर १९७० ले, आपल्या नागपुरातच, सहा चर्च मिळून. म्या तवा पोट्टा होतो, बाबा गेलते पाहायले. त्याच्या आधी कोणतं गाव कोणत्या मिशनचं त्याप्रमाणं रीत, अन् कागदावर एक झाले तरी लोकायनं आपापली रीत सोडली नाही. म्हणून शहरातलं पाहून काही करू नका, आपल्या गावातल्या जुन्या बायायले विचारा, तुमच्याच चर्चचा हंगाम सण आधी कवा असे ते.

लेंटचं म्हणान तं पहिले लोक यायचे कारण सांगणारे यायचे. यवतमाळले सेमिनरी (पाळक तयार करायचं कॉलेज) होती तोवर तिथले विद्यार्थी सायकलनं गावोगाव येत, ज्याले मराठी नीट येत नसे तोही बोले अन् आम्ही हासत हासत ऐको. १९८३ ले सेमिनरी पुण्याले गेली, तवापासून आमचा शुक्रवार सुना पडला.

अन् उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडे) उपासना कोणी सकाळी घेत असान तं माह्या मते चूक हाये. बारा ते तीन म्हणजे बारा ते तीन.

अकोल्याची_मावशी

खजिनदार भाऊ, सलाम. बारा ते तीन म्हणणाऱ्यांनी एप्रिलमध्ये पत्र्याखाली तीन तास लेकरू मांडीवर घेऊन बसून दाखवावं मग बोलावं. आमच्याकडे दोन वर्षांमागं एक बाई चौथ्या शब्दालाच (येशू क्रुसावर बोलला त्या सात वाक्यांना आम्ही सात शब्द म्हणतो) चक्कर येऊन पडली. तेव्हापासून आम्ही वेळ तीच ठेवली पण बाहेर कडुनिंबाखाली हिरवी जाळी बांधतो, दोन माठ भरून ठेवतो आणि सात शब्दांवर सात जण बोलतात, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, घड्याळ माझ्याकडे. उरलेल्या वेळात गाणी. जास्त बोलला की मी पेटीवाल्याला खूण करते.

सेक्रेटरी बाळा, आमची मंडळी अलायन्सची (वेगळ्या मिशनची), राखेचा बुधवार वगैरे आमच्यात नाही, पण मार्च-एप्रिलमधल्या शुक्रवारी घरोघरी प्रार्थना असते. चर्चमध्ये अकरा येतात ना, घरी पंचवीस येतील, कारण ज्याच्या घरी असते तो शेजारीपाजारी स्वतः बोलावून आणतो. आठच्या आत ठेवू नको, बाया शेतातून येऊन स्वयंपाक करून मोकळ्या व्हायला हव्या. आणि फक्त चहा. एकीनं पोहे केले की दुसरीला भजे करावे लागतात आणि मग तिसरी म्हणते आमच्याकडे नको.

लिलाव बंद करू नको. चर्चला रंग कशानं देशील? पण बोलायची पद्धत बदल. आमच्याकडे सकाळी महिला मंडळ तराजू घेऊन बसते, आलेलं सगळं मोजून घेतो आणि बाजारभाव चिठ्ठीवर लिहून ठेवतो, बोली तिथूनच वर जाते, खाली नाही. आणि किलो-दोन किलोचं जे काही असेल ते एकाच टोपल्यात एकत्र करतो, मूग, तीळ, चार अंडी, लसणाची जुडी, कोणाचं काय ते कळत नाही. टोपलं चांगलं जाते, लोकांना हौस असते.

शिवाय मूठ सुरू कर. रोज भात लावताना एक मूठ डब्यात, महिन्याच्या शेवटी सगळे डबे चर्चमध्ये. ज्या घरी पैसा नसतो त्या घरचाही डबा भरतो. आमची सतरंजी, बल्ब आणि गेल्या वर्षी एका पोरीची कॉलेजची फी त्यातूनच झाली.

आणि त्या म्हातारीला चर्चमध्ये या म्हणून बोलवायला जाऊ नको, तिच्या घरी प्रार्थना ठेव.

पुण्यात_पडलेला

मी पण यवतमाळ जिल्ह्यातलाच, सध्या पुण्यात. माझं एकच म्हणणं आहे की मुलं येत नाहीत म्हणून जे सगळीकडे रडतात त्यांनी तारखा तरी आधी सांगाव्यात. आम्हाला सुट्टी मिळते नाताळात आणि मे महिन्यात. मे मध्ये लग्नं असतात, त्यातच व्हीबीएस (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा) ठेवलं तर आम्ही शिकवायला येऊ शकतो, माझ्या बॅचचे सहा जण तरी येतील. तुम्ही ठेवता दिवाळीत आणि मग म्हणता पोट्टे पुण्याचे झाले. बाकी ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेचं लाईव्ह केलं तर बरं होईल, मागच्या वेळी कोणीतरी मोबाईल खिडकीत ठेवला होता आणि मला तासभर फक्त पंखा दिसला.

जुना_खजिनदार

थंडीत पंखा चालू होता का?

पुण्यात_पडलेला

बंदच होता काका. म्हणून तर लक्षात राहिला.

शेजारगावचा_वारकरी

मी ख्रिश्चन नाही पण नाताळाला दरवर्षी आलू-वांग्याच्या गंजावर असतो म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो. आमच्या सप्त्यातही नारळाच्या लिलावात हेच होते, ज्याचं भांडण त्याची बोली मोठी. शेवटी आम्ही नियम केला की पैसे तिथल्या तिथं पेटीत, नाहीतर वस्तू दुसऱ्या बोलीवाल्याला. भांडण कमी झालं असं नाही, पण बोली कमी झाली.

त्या कोहळ्याचं काय झालं शेवटी?

कापूसवाला_सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार, मध्ये तुरीच्या कापणीत होतो म्हणून उशीर.

कोहळं कोणीच नेलं नाही. ज्यानं घेतलं तो म्हणे उद्या नेतो, तो उद्या आलाच नाही, दोन महिने चर्चच्या ओट्यावर पडून होतं, रविवारी लेकरं त्यावर बसायची. नाताळात बायांनी उचलून तुमच्याच गंजात टाकलं, वारकरी भाऊ. तुम्ही दोनदा भाजी घेतली असं ऐकलं.

मावशी, तुमचं ऐकून शुक्रवारी म्हातारीच्या घरी प्रार्थना ठेवली. एकोणीस जण आले, अंगणात तट्टे टाकले. मी मुगाचं काढणार नव्हतो पण तिनंच काढलं. म्हणे साठ रुपयाचं मले काही नाही रे, घेणाऱ्यानं तिथंच फडकं सोडून मुगात खडे हायेत का ते पाहिलं, सगळ्यायच्या समोर. मी दोन दिवस निवडले होते ते. आता हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, मी तर तिथं उभा होतो.

कमिटीनं १ फेब्रुवारीचा रविवार धरला. आधी मोजायचं, चिठ्ठी लावायची, टोपलं एकत्र, पैसे रोख. म्हातारी तराजूवर कोण बसणार ते विचारत होती, मी म्हटलं महिला मंडळ, तर म्हणे कोणकोण, नावं सांग. उत्तम शुक्रवारचं कडुनिंबाखाली करायचं ठरलं, बारा ते तीनच, खजिनदार काका खूश. मे मधल्या व्हीबीएसचं पाळक साहेबांना विचारून सांगतो. २,१०० अजून येणेच.

मावशी, मुठीसाठी डबे कोणते घेतले? बत्तीस घरांसाठी विकत घ्यायचे तर तेवढे पैसे नाहीत सध्या.

अकोल्याची_मावशी

विकत कशाला, तेलाचे पाच लिटरचे डबे असतात ना प्लास्टिकचे, ते वरून काप. कापल्यावर कड मेणबत्तीवर फिरवून घे, नाहीतर बायांचे हात चिरतात.