‘इम्प्रोव्हायझेशन’ला मराठीत काय म्हणाल? (जॅझच्या संदर्भात)

मधुरा_ना
३० एप्रिलच्या जागतिक जॅझ दिनासाठी शाळेतल्या मुलांना वाटायचं चार पानी पत्रक मराठीत करतेय. गाडी एकाच शब्दावर अडलीय. मी ‘उत्स्फूर्त वादन’ लिहिलं. बाबांनी (४० वर्षं पेटीची साथ करतात) ते खोडून ‘उपज’ (गातावाजवता सुचलेला विस्तार) लिहिलं. म्हणे, उत्स्फूर्त टाळ्या असतात, वादन नव्हे. कोणाचं बरोबर?

दोन तंबोरे
बाबांचं. ‘उत्स्फूर्त’ म्हटलं की तयारीशिवाय आलेलं, असंच कानाला वाटतं. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करने १९४५ साली ‘को-को’ वाजवलं ते ‘चेरोकी’ या जुन्या गाण्याच्या कॉर्ड्सवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांवर). सांगाडा तोच, वरची चाल पार नवी. रोजच्या घासण्याशिवाय हे होत नाही. आपल्याकडे बंदिश तीच आणि उपज गवयाची, तसंच.

सोयाबीन
आमच्याकडे ‘उपज’ दिसतं ते हिंदी पाट्यांवर, ‘कृषि उपज मंडी’. मुलं विचारतील, क्विंटलला काय भाव? शिवाय ‘उपजत’शी घोळ होणार. उपजत म्हणजे जन्मासोबत आलेलं. सॅक्सोफोन कोणी पोटातून शिकून येत नाही.

दोन तंबोरे
‘उपजे ते नाशे’ ज्ञानेश्वरीत आहे, मंडीत नव्हे. आणि जॅझच्या सोलोला (एकट्याच्या वादनाला) याहून नेमकं वर्णन मला तरी सुचत नाही.

पंत
मुळात परका शब्द घेऊन त्याला मराठी शेपूट लावायचंच कशाला? ‘स्वयंस्फूर्तनादन’ करा.

सोयाबीन
पंत, हा उच्चारेपर्यंत सोलो संपलेला असेल.

खटाववाली
माझ्या मते ‘जॅझ’ हाच शब्द आपल्या ‘जाजम’मधून गेलाय. सगळी जातपात विसरून एका जाजमावर बसून वाजवायचं. पटतंय का बघा.

दोन तंबोरे
ताई, जाजम फारशी. आणि ‘जॅझ’ छापात आला तो १९१२ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातल्या बेसबॉलच्या बातम्यांत. अर्थ साधारण जोर, उसळी. संगीताला तो दोनतीन वर्षांनी शिकागोत चिकटला. १९१७ च्या पहिल्या तबकडीवर तर ‘जॅस’ छापलंय.

खटाववाली
जोर, उसळी? म्हणजे जोमच की! ज ला ज जुळला.

पंत
जोमातला ज दंत्य, जॅझमधला तालव्य. असे ज जुळवू नका.

मधुरा_ना
माझं पत्रक… पुढचं वाक्य ‘जॅझ म्हणजे स्वातंत्र्य’. बाबांनी तिथंही ‘स्वातंत्र्य’ खोडून ‘मोकळीक’ केलंय.

सोयाबीन
इथं मात्र बाबा बरोबर. ३२ बारांची चौकट (बार म्हणजे तालाचे तुकडे, पिण्याचे नव्हेत), त्यात आपली पाळी आली की वाजवायचं, संपली की दुसऱ्याचं ऐकायचं. ही मोकळीकच.

रविवारची दुपार
अजिबात नाही. न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरमध्ये गुलामांना रविवारी जमून नाचायगायला मिळायचं. ती मोकळीक. खरं तर मुभा, कारण देणारा दुसराच कोणी असतो आणि सोमवारी काढूनही घेतो. १९६० मध्ये ड्रमवादक मॅक्स रोच ‘फ्रीडम नाऊ’ नावाची रचना करतो, तेव्हा त्याने अशी आठवड्याची सुट्टी मागितलेली नाही. तिथं ‘मोकळीक’ लिहिणं म्हणजे अर्थाला कात्री. नुसत्या वाजवण्याबद्दल लिहायचं तर लिहा, या माणसांबद्दल नको.

सोयाबीन
मग ‘फ्री जॅझ’ला काय म्हणणार? स्वतंत्र जॅझ?

रविवारची दुपार
मुक्त जॅझ. मुक्तछंदासारखं. सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनने १९६० मध्येच चारचार वादकांच्या दोन चौकड्या एकत्र बसवून सदतीसेक मिनिटं वाजवलं ते हेच. चौकट गेली, पण एकमेकांचं ऐकणं गेलं नाही. उलट जास्तच ऐकावं लागतं.

पेडणेबाब
इतके शब्द कशाला? आमचे पप्पा मुंबईत ट्रंपेट वाजवायचे, ताज हॉटेलात वाजवणाऱ्या ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटचे भक्त. गोव्यात चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले, त्यामुळे समोर कागद असला की एक सूर इकडचा तिकडे नाही. पण मूड लागला की म्हणायचे, ‘आता कागद मिटा.’ तेच तुमचं इम्प्रोव्हायझेशन. सगळे धोबीतलावला कुडीत राहायचे, तिथं रात्री हाच धंदा.

मधुरा_ना
‘कागद मिटून वाजवणं’! हे मुलांना कळेल. बाबांना विचारते.

पंत
कुडीत? कुडी म्हणजे देह ना?

पेडणेबाब
कूड हो. कोंकणीत खोली. गावाच्या नावाचा क्लब, मुंबईला आलेला माणूस तिथं ट्रंक टाकायचा.

खटाववाली
आमच्याकडे कूड म्हणजे कारव्यांची भिंत, वर शेणमाती लिंपलेली. तीच भिंत घातलेली खोली, म्हणून कूड.

दोन तंबोरे
उलटही असेल. संस्कृतात कुटी आहेच.

पंत
कुटी नव्हे, कुड्य. कुड्य म्हणजे भिंत. खटाववालींचं या वेळी चक्क बरोबर आहे.

खटाववाली
जाजमचंही एकदा परत बघा मग.

मधुरा_ना
बाबा म्हणतात, कागद नसेल त्याने काय मिटायचं? पेटीवाल्यापुढे कागद असतो कधी?