खोपोलीला १२ टक्के चार्ज: घाट चढावा का?

प्रश्न: इलेक्ट्रिक गाडी, बॅटरी ४० युनिटची, पुढच्या चाकांवर चालणारी. लोणावळा गाठता येईल? मध्येच थांबली तर दोरीने ओढायची का?

उत्तर १: चढू नका. चढ सुमारे ५५० मीटरचा आहे. १६०० किलोच्या गाडीला नुसत्या उंचीसाठीच अडीच युनिट, म्हणजे ६ टक्क्यांहून जास्त लागतात. १५ किलोमीटर अंतराचे साधारण ५ टक्के वेगळे. हाती काहीच उरत नाही. खाली चार्जर बंद असेल तर १५ अँपिअरचा प्लग शोधा, तासाला जेमतेम ३ युनिट मिळतील. अर्थिंग नसेल तर बहुतेक चार्जर सुरूच होत नाहीत.

उत्तर २: दोरी अजिबात नको! मोटर चाकांना कायम जोडलेली असते, न्यूट्रलमध्येही फिरते आणि वीज तयार करते. त्यात इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला देणारा भाग) जळू शकतो. फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. तो नसेल तर पुढची चाकं उचलून.

उत्तर ३: डॅशबोर्डवर कासवाचं चिन्ह (चार्ज संपत आल्याची खूण) आलं की ताकद घटते, लगेच डावीकडे सुरक्षित जागी घ्या. पार्किंग लाइट चालू हवेत, पण पंखा-म्युझिक बंद. मोठ्या बॅटरीचा संपर्क तुटल्यावर १२ व्होल्टची छोटी बॅटरी चार्ज होत नाही. तीही उतरली तर न्यूट्रल पडत नाही, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक सुटत नाही, आणि फ्लॅटबेडवाल्याचे हाल होतात.