जुना सिनेमा सुचवायचा तर: कोणता, कुणाला आणि कसा

रेल्वे लाइन्स

जुन्या सिनेमांच्या याद्या कुठंही मिळतात. यादीतलं पहिलं नाव लावून माणूस वीस मिनिटांत उठतो आणि परत जुन्या सिनेमाच्या वाटेला जात नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून इथं नुसती नावं नकोत. सिनेमा पहिल्यांदा कुणाला दाखवावा, बघणारा कुठं कंटाळतो, त्यावर उपाय काय आणि चित्र-आवाजाचं काय बघून घ्यावं, एवढं लिहा, आणि वर आपली पेठ, रस्ता किंवा गाव टाका. आठवणी सांगायला दुसरी जागा आहे.

सुरुवात आपल्या सोलापूरपासून करतो. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६). भैय्या चौकातल्या स्मारकावरून आपण रोज जातो, पण हा सिनेमा पाहिलेला सोलापूरकर शोधावा लागतो. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं, कोटणीसही तेच, चिंग लानच्या भूमिकेत जयश्री, संगीत वसंत देसाई, मूळ लेखन ख्वाजा अहमद अब्बास यांचं. दाखवण्याआधी दोन गोष्टी सांगून टाकाव्यात. चिनी पात्रं आपलेच नट करतात आणि हिंदीत बोलतात. हे आधी कानावर घातलं नाही तर पहिल्याच चिनी प्रसंगाला मुलं हसतात आणि पुढचा सूर लागत नाही. दुसरं, शेवट इतिहासाबरहुकूम नाही. सिनेमातले डॉक्टर साथीच्या रोगाशी झुंजताना त्याच रोगाला बळी पडतात. प्रत्यक्षात १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेले द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी गेले, वयाच्या ३२ व्या वर्षी. शाळेत दाखवणार असाल तर हा फरक सिनेमा सुरू व्हायच्या आधी सांगा, नंतर कुणी ऐकत नाही.

जुळे सोलापूर

सिनेमा कोणताही सुचवा, आधी समोरच्याचा टीव्ही नीट लावून द्या. जुन्या सिनेमाची निम्मी बदनामी तिथं होते.

१९५० च्या आसपासपर्यंतच्या बहुतेक सिनेमांची चौकट १.३७ ला १ असते, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आजचा टीव्ही १६:९. टीव्ही 'फुल' किंवा 'वाइड'वर असेल तर तो चित्र आडवं ताणतो, माणसं बुटकी आणि गोलमटोल दिसतात. 'झूम' केलं तर वरून डोकी आणि खालून पाय कापले जातात. 'ओरिजिनल' किंवा '४:३' करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले म्हणजे बरोबर. लॅपटॉपवर व्हीएलसी (सिनेमा लावायचं सॉफ्टवेअर) असेल तर कीबोर्डवरची ए दाबत गेलं की प्रमाण बदलत जातं.

मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'मोशन' नावाचं काहीतरी असतं, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. ते पूर्ण बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनानं भरतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत होतं. शार्पनेस शून्याजवळ आणा, नाहीतर फिल्मचे दाणे मुंग्यांसारखे वळवळतात. कृष्णधवल चित्र निळसर दिसत असेल तर कलर टोन 'वॉर्म'वर. काही टीव्हींवर 'फिल्ममेकर मोड' असतो, त्यात ही कामं एकदम होतात.

पंढरपूर

'संत तुकाराम' (१९३६), प्रभात, दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचं. हा भाविकांनाच दाखवायचा सिनेमा अशी समजूत आहे, ती मोडून काढा. जे देवाधर्माचं फारसं बघत नाहीत त्यांना आधी दाखवा आणि त्यांना सांगा, तुकोबांकडं नव्हे, जिजाईकडं बघा. गौरीबाईंनी केलेली जिजाई घर चालवणारी बाई आहे. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा अभंगात. पोराला ओढत, हातात चप्पल घेऊन ती थेट पांडुरंगासमोर जाते, त्या प्रसंगात तिचा चालण्याचा वेग बघा, बोलण्याची लय बघा. नव्वद वर्षांपूर्वीचा अभिनय वाटत नाही. विष्णुपंत पागनीस स्वतः गातात, त्यामुळं बोलणं आणि गाणं यात सांधा दिसत नाही. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात याचा गौरव झाला होता.

'आधी बीज एकले' हे गाथेत शोधू नका. ते शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलं, इतकं चपखल की कीर्तनातसुद्धा तुकोबांचं म्हणून येतं.

आवाजाबद्दल. त्या काळच्या ध्वनिपट्टीत फार खालचे आणि फार वरचे सूर नसतातच. बास वाढवला की नुसती घरघर वाढते, ट्रेबल वाढवला की खरखर. दोन्ही मधोमध ठेवा आणि 'सराउंड' बंद करा.

सात रस्ता

वरच्याला जोडून 'कुंकू' (१९३७). इथं आवाजाची जास्तच काळजी घ्या, कारण शांतारामांनी यात पार्श्वसंगीत वापरलेलंच नाही. ऐकू येतात ते घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. म्हाताऱ्या काकासाहेबांचं (केशवराव दाते) वय त्या घड्याळात मोजलं जातं. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये खरखर काढणारं काही चालू असेल तर ते टिकटिकही दाबू शकतं, आणि मग लोक म्हणतात, मधे मधे सिनेमा मुका होतो. ते बंद करा. अडीच तासांहून मोठा आहे, एका बैठकीचा आग्रह धरू नका. शांता आपट्यांची नीरा आजच्या मुलींना लगेच पटते, कॉलेजच्या वयाला पहिला प्रभातपट म्हणून मी हाच सांगेन.

साखर पेठ

कारखान्यात काम केलेल्या माणसाला परदेशी सिनेमा दाखवायचा असेल तर 'मॉडर्न टाइम्स' (१९३६, ८७ मिनिटं) घ्या. भाषा येत नसली तरी काही अडत नाही. यात एक गोष्ट ध्यानात ठेवायला सांगा: बोलणारे आवाज जवळजवळ सगळे यंत्रांतून येतात, मालकाच्या पडद्यातून, ग्रामोफोनमधून, रेडिओतून. चॅप्लिनचा स्वतःचा आवाज शेवटाकडं एका गाण्यात येतो आणि त्या गाण्याच्या शब्दांना अर्थच नाही.

त्यानंतर 'बायसिकल थीव्ज' (१९४८, ८९ मिनिटं, दे सिका). कथा सगळ्यांना माहीत असते: पोस्टर चिकटवायची नोकरी, त्यासाठी सायकल पाहिजे, पहिल्याच दिवशी ती चोरीला. पण सायकल गहाण पडलेली असते, ती सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. तिथं दोन सेकंदही नजर हलू देऊ नका. नोकर तो गठ्ठा घेऊन मांडणीवर चढत जातो, कॅमेरा त्याच्याबरोबर वर जातो, आणि मांडणी संपतच नाही: खालपासून छतापर्यंत लोकांच्या चादरींचे गठ्ठे. सगळ्या शहराची गरिबी एकाही संवादाशिवाय दिसते. चादरीच्या गावातल्या माणसाला तो गठ्ठा किती वजनाचा, किती वापरलेला, हे नुसतं बघून कळतं. मुख्य नट खराखुरा कारखान्यातला कामगार होता, म्हणून त्याचे हात खोटे वाटत नाहीत.

'पाथेर पांचाली' (१९५५) त्यानंतरच, आधी नको. पहिला अर्धा तास घटना फार नाहीत, माणसं आणि अंगण ओळखीचं व्हायला तो वेळ लागतो. तेवढ्यात लोक उठतात. "आगगाडी येईपर्यंत थांबा" एवढं सांगितलं तरी पुरतं. प्रत मात्र २०१५ ची पुनरुज्जीवित घ्या. मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत जळाल्या होत्या, त्यातून वाचलेल्या चौकटी दुरुस्त करून ती तयार झाली. जुन्या प्रतीत काश गवताची फुलं नुसता पांढरा डाग दिसतात.

पूर्व भाग

साखर पेठेतल्या काकांशी सहमत. पण आमच्याकडं निम्म्या घरांत तेलुगू बोलतात आणि तरी यादीत तेलुगू सिनेमा नाही. 'मायाबझार' (१९५७), दिग्दर्शन के. व्ही. रेड्डी. मराठीत आपण जिला वत्सलाहरण म्हणतो तीच कथा, वत्सलेच्या जागी शशिरेखा. पांडवांच्या घरचं लग्न, पण पांडव एकदाही पडद्यावर येत नाहीत, हे आधी सांगा, मग लोक त्यांना शोधत बघतात.

सावित्री दोन भूमिकांत आहे असं म्हणता येईल: शशिरेखा, आणि शशिरेखेचं रूप घेतलेला घटोत्कच. चेहरा तोच, दागिने तेच. दुसऱ्या वेळी पाऊल कसं आपटतं, खांदे कसे पुढं येतात, एकटी असताना मान कशी ताठ होते ते बघा. एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच आधी नीट पाहिला असेल तरच यातली मजा कळते. लग्नाच्या जेवणावळीचं गाणं लहान मुलांना परत परत लागतं.

रंगवलेली आवृत्ती २०१० साली आली. ती घेऊ नका, लांबी कमी केली आहे आणि पदं गेली आहेत. कृष्णधवल तीन तासांहून थोडी जास्त आहे, जेवणावळीच्या आसपास मध्यंतर घ्या. मराठी उपशीर्षकं मिळाली नाहीत तर शेजारच्या एखाद्या मावशींना बोलवा. त्या जागच्या जागी सांगत जातात ते उपशीर्षकांपेक्षा सरस असतं.

सांगोला

'दो आँखें बारह हाथ' (१९५७). कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिचं मूळ आमच्या शेजारी, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगात आहे. औंध संस्थानानं मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून तो वसवला होता. सहा कैदी म्हणजे बारा हात, जेलरचे दोन डोळे. बर्लिनला १९५८ साली रौप्य अस्वल मिळालं.

मधला भाग उपदेशाकडं झुकतो आणि संध्याची गाणी काहींना लांब वाटतात, हे खरं आहे. पण भाजीबाजाराचा प्रसंग आजही शेतकऱ्याला सांगावा लागत नाही: कैदी वाजवी भावानं भाजी विकतात आणि व्यापाऱ्यांना ते खपत नाही. बैलाशी झुंजीचं दृश्य शांतारामांनी स्वतः दिलं, त्यात त्यांच्या डोळ्याला जबर इजा झाली. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना दाखवावा. लहान मुलं शेवटाला घाबरतात.

विजापूर रोड

जब्बार पटेल पंढरपूरला जन्मले, शिकले सोलापुरात. त्यांचे सिनेमे आपण क्रम चुकवून सुचवतो. 'सिंहासन' (१९७९) पहिला देऊ नये. पात्रं पन्नासेक वाटावीत इतकी, मंत्री, त्यांचे सचिव, कामगार पुढारी, तस्कर, आणि ओळख करून द्यायला कुणी थांबत नाही. सुरुवात 'सामना'ने (१९७५) करा. श्रीराम लागूंचा मास्तर आणि निळू फुल्यांचा हिंदुराव, दोन माणसं आणि एक प्रश्न. साखर कारखान्याचं राजकारण आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून द्यावं लागतं? मग 'जैत रे जैत' (१९७७). हा आवाजासाठी चांगल्या स्पीकरवर, कारण महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांचं संगीत हेच त्याचं कथन आहे. त्यानंतर 'सिंहासन', आणि बघताना एका कागदावर मुख्यमंत्री, अर्थमंत्री, डिकास्टा, दिगू एवढी चार नावं लिहून त्यांच्याभोवती बाकीची जोडत जा. अर्ध्या तासात कागद लागत नाही. 'उंबरठा' (१९८२) शेवटी, आणि त्या दिवशी दुसरं काही लावू नका.

होटगी रोड

गच्चीवर प्रोजेक्टर लावणाऱ्यांसाठी. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो असतो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट. समजा १.५ आहे आणि पडदा ८ फूट रुंद, तर प्रोजेक्टर १२ फुटांवर. पण ८ फुटी १६:९ पडद्याची उंची साडेचार फूट, त्यात जुन्या सिनेमाचं चित्र जेमतेम सव्वासहा फूट रुंद भरतं. म्हणजे मागच्या रांगेचा हिशेब सव्वासहा फुटांवर करा, आठवर नव्हे.

एकेरी पांढरं कापड लावलं तर उजेड आरपार जातो आणि काळा रंग राखाडी होतो. मागं गडद सोलापुरी चादर लावा, उजेडही थांबतो आणि कापड वाऱ्यानं फडफडतही नाही. चित्राच्या कडेनं चार इंच काळी पट्टी शिवून घेतली तर काळा आणखी खुलतो. मे महिन्यात पावणेआठच्या आत सुरू करू नका, आकाशात उजेड असतो तोवर रात्रीची दृश्यं दिसतच नाहीत. दिवसभर तापलेल्या गच्चीवर प्रोजेक्टर थेट ठेवला तर खालून गरम हवा ओढतो आणि मधेच बंद पडतो. स्टुलावर ठेवा, धुळीची जाळी आधी साफ करा, आणि सिनेमा संपला की पंखा थांबेपर्यंत वायर ओढू नका.

ब्लूटूथ स्पीकरवर आवाज ओठांच्या मागं पडतो. वायरनं जोडा. वायर नसेल तर व्हीएलसीत जे आणि के दाबून आवाज मागंपुढं करता येतो.

बाळे

उपशीर्षकांचं राहिलं. फाइलचं नाव सिनेमाच्या फाइलसारखंच ठेवा, शेवट एसआरटी. मराठी असतील तर यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर चौकोन दिसतात. काही टीव्ही पेनड्राइव्हवरून लावल्यावर जोडाक्षरं फोडतात, तिथं लॅपटॉप एचडीएमआयनं जोडणं हाच उपाय.

वेळ चुकत असेल तर आधी कशी चुकते ते बघा. पहिल्या आणि शेवटच्या संवादाला सारखाच फरक असेल तर जी आणि एचनं सरकवा. फरक वाढत जात असेल, तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांवर जात असेल, तर उपशीर्षकं २५ चौकटींच्या प्रतीची आणि सिनेमा २४ चा आहे. ती सरकवून जुळत नाहीत. व्हीएलसीच्या ट्रॅक सिंक्रोनायझेशनमध्ये उपशीर्षकांचा वेग बदलावा लागतो.

'सेव्हन सामुराई' (१९५४, २०७ मिनिटं) दोन फाइलींत मिळाला तर उपशीर्षकंही दोन फाइलींचीच घ्या. त्यात कुरोसावानं मध्यंतर दिलेलंच आहे, तिथंच थांबा. आणि ज्यांना एवढा वेळ नाही त्यांच्यासाठी त्याचाच 'राशोमोन' (१९५०), ८८ मिनिटं, साक्षीदार बोलतात तेव्हा न्यायाधीश एकदाही दिसत नाही, कारण ते आपल्याकडंच बघून बोलत असतात.