कूलिंग टॉवरच्या फॅनला ऑनलाइन व्हायब्रेशन सेन्सर, मोटरवर लावून भागेल का?

युटिलिटीवाला_कोकण
नमस्कार मंडळी, कोकणातल्या एका एमआयडीसीत केमिकल प्लांटची युटिलिटी बघतो. चार सेलचा (चार कप्पे, प्रत्येकाला एक फॅन) इंड्युस्ड ड्राफ्ट टॉवर, म्हणजे वरचा फॅन हवा ओढून पाणी थंड करतो, पाच एफआरपी (फायबरग्लास) पात्यांचा फॅन, मोटर स्टॅकच्या, म्हणजे फॅनभोवतीच्या नळकांड्याच्या, बाहेर, मधे लांब शाफ्ट आणि आत गिअरबॉक्स, नेहमीचंच. मागच्या महिन्यात रात्री अडीचला तीन नंबर सेलचं एक पातं तुटलं, स्टॅक फाडून बाहेर आलं, आणि उरलेल्या चार पात्यांनी मिळून गिअरबॉक्स जागेवरून उखडला, शाफ्टची पार जिलबी झाली. नशीब वर कोणी नव्हतं. चिलर हाय प्रेशरवर ट्रिप, बॅच होल्डवर, सकाळपर्यंत सगळ्यांचे फोन मलाच.

आता साहेबांना रिअल टाइम मॉनिटरिंग हवंय, मोबाइलवर ग्राफ दिसला पाहिजे. व्हेंडर म्हणतो मोटरवर वायरलेस सेन्सर चिकटवा, तासाला एक रीडिंग क्लाउडवर जाईल, पुढचं एआय सांगेल. मला हे पटत नाहीये, पण का पटत नाहीये ते मीटिंगमध्ये धड सांगता येईना. कोणी केलंय का असं?

बेअरिंगबाबा
पटत नाहीये ते बरोबरच आहे. मोटर १४८० आरपीएम, गिअरबॉक्स १० ला १ धरला तर फॅन फिरतो १४८ वर, म्हणजे सेकंदाला जेमतेम अडीच फेरे, अडीच हर्ट्झ. पातं जड झालं, सैल झालं, पिच (पात्याचा कोन) बदलला की पहिली बोंब या अडीच हर्ट्झवरच होते. आणि बाजारातले बरेचसे स्वस्तातले सेन्सर १० ते १००० हर्ट्झ बघतात, त्यांना हे दिसतच नाही! डेटाशीटमध्ये फ्रिक्वेन्सी रेंज बघ आधी, बाकी ब्रोशर नंतर वाच.

दुसरं, स्लो स्पीडला मिमी/सेकंद फसवतं. गिअरबॉक्स पाव मिलिमीटर इकडून तिकडे डुलत असला तरी अडीच हर्ट्झला आरएमएस वेग येतो १.४ मिमी/सेकंदच्या आसपास, कंट्रोल रूममधला माणूस म्हणणार काय मस्त चाललाय. म्हणून फॅन स्पीडसाठी मायक्रॉनमध्ये डिस्प्लेसमेंट बघ, गिअर आणि बेअरिंगसाठी वेग आणि अ‍ॅक्सिलरेशन.

सेन्सर गिअरबॉक्सच्या बॉडीवरच, स्टडने, कव्हरच्या पातळ पत्र्यावर नाही. ५०० मिलिव्होल्ट प्रति जी वाला लो फ्रिक्वेन्सी घे, केबल कारखान्यातूनच मोल्ड होऊन आलेली. आत चोवीस तास वाफ असते, कनेक्टर हिरवा पडायला एक पावसाळा पुरतो. केबल सपोर्टला जागोजागी क्लॅम्प कर, लोंबकळली तर एक दिवस पातंच घेऊन जाईल. मोटरवर लावायचाय तर लाव, मोटरचं बेअरिंग कळेल, पण लांब शाफ्टच्या पलीकडचं अडीच हर्ट्झचं डुलणं तिथून नीट कळणार नाही.

जुनं_खोड
बाबांचं खरं आहे पण मी वेगळंच विचारतो. रात्री अडीचला पातं तुटलं तेव्हा व्हायब्रेशन स्विच (हादरे वाढले की मोटर बंद करणारा) काय करत होता? प्रत्येक सेलला असतोच ना तो. पातं सुटल्यापासून सत्यानाश व्हायला काही सेकंद लागतात आणि तुमचा सेन्सर तासाला एकदा डोळे उघडणार, म्हणजे साहेबांच्या मोबाइलवर दिसेल ते श्राद्धाचं आमंत्रण. थांबवायचं काम वायरने थेट मोटरच्या स्टार्टरला जोडलेल्या ट्रिपचं, ग्राफ हा महिना दोन महिने आधीची चाहूल लागावी म्हणून. दोन्ही वेगळी कामं आहेत, एकाच्या पैशात दुसरं होत नाही. आमच्याकडे सुरू होताना फॅन हलायचा, स्विच उडायचा, मग कोणीतरी एमसीसीत (मोटरच्या कंट्रोल पॅनलमध्ये) जंपर टाकला, म्हणजे वायर जोडून स्विच बायपास केला, आणि तो जंपर चार वर्षं तसाच. स्टार्टला काही सेकंदांचा डिले दिला असता तर काम झालं असतं. उद्या जाऊन पॅनल उघड.

आणि तेल बघ, बाहेरच्या काचेवर नको जाऊस. काचेपर्यंतची नळी गाळाने चोक झाली की लेव्हल वर्षभर तशीच छान दिसते आणि आत ठणठणाट. बंद सेलचा गरम गिअरबॉक्स थंड होताना ब्रीदरमधून (हवेच्या छिद्रातून) दमट हवा ओढतो, तेलात पाणी उतरतं. थोडं बाटलीत काढ, ताकासारखं दिसलं तर समजून जा. अजून एक, पोकळ पातं असेल तर टोकाचं ड्रेन होल बुजलंय का बघ, आत पाणी साठलं की ते एकच पातं जड.

टीडीएस_ताई
मी पाण्याच्या बाजूची, व्हायब्रेशनमधलं कळत नाही. पण टॉवर म्हणजे फक्त फॅन नाही हो दादा. थंड पाण्याचं तापमान वजा वेट बल्ब (ओल्या कापडाच्या थर्मामीटरचं तापमान, टॉवरचं पाणी याच्याखाली जात नाही), म्हणजे अ‍ॅप्रोच, हा रोज एकाच लोडला लिहा. पावसाळ्यात कोकणात वेट बल्बच २६-२७ असतो, त्यामुळे नुसतं थंड पाण्याचं तापमान बघून टॉवरला शिव्या देण्यात अर्थ नाही, पण वेट बल्ब तोच आणि अ‍ॅप्रोच ४ चा ६ झाला तर फिलमध्ये (ज्यावरून पाणी पसरून खाली येतं ते पॅकिंग) स्केल, चोक नोझल किंवा फॅन, यातलं काहीतरी आहे. ब्लोडाउनचा (खारट झालेलं पाणी बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह बंद अवस्थेत चिकटला की पाण्यातले क्षार वाढून कंडक्टिव्हिटी चढते आणि फिल जड होतं, आमच्याकडे एकदा फिलचा ब्लॉक स्वतःच्याच वजनाने खाली बसला होता. दोन आरटीडी (तापमान सेन्सर), एक वेट बल्ब आणि एक कंडक्टिव्हिटी मीटर, व्हायब्रेशन सिस्टीमपेक्षा खूप स्वस्तात होतं.

आणि सांगाड्याचं काय? अमेरिकेत व्हरमाँट यांकी अणुवीज केंद्राच्या टॉवरचा एक सेल २००७ च्या ऑगस्टमध्ये कोसळला, लाकडी खांब आतून खराब झालेले. गिअरबॉक्सवरच्या सेन्सरला खांब कुजलेला कसा कळणार, तिथे टॉर्च घेऊन आत उतरलेला माणूसच लागतो.

युटिलिटीवाला_कोकण
सगळ्यांना थँक्स. आज एमसीसी उघडलं. खोड काका, तीन नंबरलाच नाही, चारही फीडरला जंपर! पिवळी वायर, त्यावर टेप, आणि टेपवर मार्करने 'काढू नये' लिहिलंय. कोणी लिहिलंय ते कोणीच सांगेना.

दोन नंबरचं तेल काढलं, ताक. फॅन बंद करून ठेवलाय, उरलेल्या दोन सेलवर रेटतोय, बॅच थोड्या हळू चालतील म्हणून प्रॉडक्शनवाले माझ्यावर खेकसतायत. व्हेंडरला मेल टाकला की अडीच हर्ट्झला तुमचा सेन्सर काय दाखवतो ते लेखी द्या. अजून उत्तर नाही, पण दुपारी त्याच्या सेल्सवाल्याचा फोन आला होता, म्हणे सर आपण एकदा जेवायला भेटूया.

बाबा, डिले किती सेकंद ठेवू? आमचा स्टार्टर स्टार-डेल्टा आहे, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) नाहीये.

बेअरिंगबाबा
फॅन फुल स्पीडला यायला किती लागतात ते स्टॉपवॉचने मोज, त्यावर दोन-तीन सेकंद. आणि तो टेप फेकू नकोस, मीटिंगला घेऊन जा.