मागे उरलेल्या फाइल्स अनइन्स्टॉलरने पुसाव्यात का?

शहापूर डीटीपी:
बेळगावात आमच्या धंद्यात एकाच कॉम्प्युटरवर कन्नड आणि मराठी, दोन्ही फॉन्टची पॅकेजेस लागतात. लग्नपत्रिका दोन्ही भाषांत जातात. जुनं पॅकेज कंट्रोल पॅनलमधून काढलं तरी कीबोर्ड लेआउट, सेटिंगच्या फाइल्स मागे राहतात आणि नवं पॅकेज तीच जुनी सेटिंग उचलतं. रेव्होसारखा, म्हणजे मागे उरलेलंही शोधून पुसणारा अनइन्स्टॉलर प्रत्येक दुकानात हवाच, असं माझं मत.

खानापूरकर:
मला अजिबात पटत नाही. ही टूल्स आधी त्या प्रोग्रामचाच अनइन्स्टॉलर चालवतात. तो कुठे आहे ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, लिहिलेलं असतं. पुढचा सगळा कारभार अंदाजाचा. प्रोग्रामचं नाव, कंपनीचं नाव, फोल्डरचा पत्ता घेऊन प्रोग्राम फाइल्स, प्रोग्रामडेटा, अ‍ॅपडेटा हे विंडोजचे फोल्डर आणि रजिस्ट्री धुंडाळायची, जुळेल ते यादीत टाकायचं. एकाच कंपनीची दोन्ही पॅकेजेस असली आणि त्यांचा एखादा फोल्डर सामाईक असला, तर कन्नडचं काढताना मराठीचंही मोडू शकतं. लग्नसराईत गिऱ्हाईक दारात उभं असताना काय करणार?

निपाणीकर:
अंदाज टाळायची सोय आहे की ओ. इन्स्टॉल करतानाच टूलला पाळतीवर बसवायचं. कुठली फाइल आली, रजिस्ट्रीत काय लिहिलं, याची नोंद होते आणि काढताना तीच उलटी फिरवतात. काही टूल्स इन्स्टॉलच्या आधीचा आणि नंतरचा स्नॅपशॉट, म्हणजे कॉम्प्युटरवर त्या घडीला काय काय आहे याची नोंद, घेऊन फरक काढतात.

खानापूरकर:
ती नोंद इन्स्टॉलपुरतीच. पुढच्या अपडेटने आणलेल्या फाइल्स, वापरताना झालेल्या सेटिंग्ज त्यात कुठून येणार? आणि दोन स्नॅपशॉटच्या मध्ये अँटिव्हायरसने काही लिहिलं, तर तेही त्याच प्रोग्रामच्या नावावर चढतं. रजिस्ट्रीत उरलेल्या नोंदी सहसा कुणाला त्रास देत नाहीत. त्या साफ करणाऱ्या टूल्सना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

चिकोडीचा अकाउंटंट:
तुम्ही दोघंही फॉन्टवर अडलाय. माझ्याकडे निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांचे हिशोब आहेत. बरेच प्रोग्राम वापरणाऱ्याचा डेटा मुद्दाम मागे ठेवतात, कारण माणूस पुन्हा इन्स्टॉल करेल हे त्यांना ठाऊक असतं. स्कॅनच्या यादीत मात्र तो डेटा कॅशच्या, म्हणजे तात्पुरत्या फाइल्सच्या, कचऱ्याशेजारीच दिसू शकतो. पोरगा ‘सिलेक्ट ऑल’ दाबतो आणि डिलीट करतो. वर्षाच्या खतावण्या जातात बगा.

शहापूर डीटीपी:
रेव्हो आधी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोज पुन्हा मागच्या स्थितीत नेता येईल अशी खूण, करतो की. फाइल्स रिसायकल बिनमध्येही पाठवता येतात.

चिकोडीचा अकाउंटंट:
रिस्टोअर पॉइंट रजिस्ट्री आणि सिस्टमच्या फाइल्स मागे नेतो. हिशोबाचा डेटा परत आणायचं ते साधन नव्हे. बिन चालेल, कुणी रिकामा केला नाही तोवर. आधी डेटाचा बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर घ्या, मग यादीतला एकेक पत्ता वाचून टिक करा. तेवढा वेळ नसेल तर स्कॅनचं बटण दाबूच नका.

निपाणीकर:
हे मान्य. पण पाळत ठेवून केलेली नोंद नुसत्या नावावरच्या शोधापेक्षा बरी, हे माझं म्हणणं कायम आहे.