बोस्टनची ऑक्टोबरफेस्ट बियर तांबडी का? आणि तिच्याबरोबर मासे कुठले?

वेंगुर्ल्याचा_वारा
मेहुणे बोटीवर असतात. या खेपेला त्यांनी बोस्टनच्या सॅम्युएल अ‍ॅडम्सची ऑक्टोबरफेस्ट बियर आणली. काल मागच्या पडवीत बसून सावकाश प्यायलो. रंग चिंचेने घासलेल्या कळशीसारखा तांबूस. वास भाजलेल्या पावाच्या कडेचा, किंचित कॅरॅमलकडे जाणारा. पहिला घोट गोडसर लागतो, पण गिळल्यावर गोडी मागे रेंगाळत नाही. कडवटपणा आहे, पण आयपीए नावाच्या कडू बियरसारखा अंगावर येत नाही. मला मनापासून आवडली.

मेहुणे म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट हा बियरचा उत्सव बघून आलेत. त्यांचं म्हणणं, तिथे तंबूत लिटरच्या मगातून येते ती बियर सोनेरी असते, ही वेगळीच आहे. मग हे अमेरिकनांनी स्वतःच्या मनाने केलंय की यामागे काही जुनी रीत आहे?

दुसरं म्हणजे, जेवणात बांगड्याचं तिखलं होतं. तिरफळांपुढे बियरची चवच लागेना. काय करावं?

रत्नांग्रीची_माल्टवाली
रीत जुनीच आहे, म्युनिकनेच ती मागे टाकली. मी पुण्यात एका ब्रूपबमध्ये काम करायचे तेव्हा ही बियर बनवली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

1553 मध्ये बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या मुलखात, 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बियर बनवायला बंदी घातली गेली, कारण उन्हाळ्यात ती नासायची. म्हणून मार्चमध्ये जरा कडक बियर बनवून थंड तळघरांत ठेवायची आणि शरदापर्यंत पुरवायची. तीच मेर्त्सेन. पुढे 1841 मध्ये व्हिएन्नाच्या ड्रेहरने आणि म्युनिकच्या स्पाटेन ब्रुअरीने फिकट भाजलेल्या माल्टच्या (मोड आणून सुकवलेल्या जवाच्या) लागर, म्हणजे थंडीत मुरवलेल्या बियर काढल्या आणि 1872 मध्ये उत्सवात तांबूस मेर्त्सेन आली. उत्सव त्याआधीचा, 1810 मधल्या राजपुत्र लुडविगच्या लग्नापासूनचा.

सोनेरी रंग अलीकडचा. लिटरचे मग एकामागून एक रिचवायचे तर पोटाला हलकी बियर हवी, म्हणून 1970 च्या दशकात म्युनिकच्या पाउलानर ब्रुअरीने ती फिकट केली. 1990 पासून तंबूंत बहुतेक तीच असते. जर्मन ब्रुअरींची तांबूस मेर्त्सेन मात्र निर्यातीत टिकली. अमेरिकेत क्राफ्ट ब्रुअरी, म्हणजे छोट्या स्वतंत्र ब्रुअरी, उभ्या राहत होत्या तेव्हा तिथल्या लोकांनी बाटलीत चाखली ती हीच. बोस्टनवाल्यांनी त्यांची ऑक्टोबरफेस्ट 1989 मध्ये काढली, त्यामुळे ती तांबडी असणारच. कडवटपणा आणि वास देणारे हॉप्सचे फुलोरेसुद्धा जर्मन जातींचे, हालरटाउ आणि टेटनांग.

तुम्ही लिहिलंत ना, गिळल्यावर गोडी रेंगाळत नाही, मी तिथेच थांबून दोनदा वाचलं. या बियरची खरी परीक्षा तीच. तो पावाचा वास म्युनिक माल्टचा, साखरेचा नव्हे. बऱ्याच अमेरिकन ब्रुअरी त्यात कॅरॅमल माल्ट जास्त घालतात, मग अर्ध्या ग्लासात तोंड चिकट होतं आणि दुसरा ग्लास नको वाटतो. माझ्या मते अशी बियर फसलीच.

एक करा: बर्फगार पिऊ नका. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा, 8-10 अंशांवर माल्ट मोकळा होतो. आपल्या हवेत ती लगेच तापते, तेव्हा ग्लास लहान घ्या आणि थोडी थोडी ओता.

देवबागचो_रापणकार
तिरफळा जिभेर बसली काय मगे काय्येक कळना नाय. सोलकढी पण संगती नको, नंतर घे. रवो लावन तळलेली सुरमय कर, मसालो कमी. नायतर सुके बोंबील निखाऱ्यार भाजून, वरसून खोबरेल. भाजल्याचो वास बियरच्या वासाक बरोबर मिळता.

रत्नांग्रीची_माल्टवाली
बोंबलाला माझंही मत. म्युनिकच्या उत्सवात अख्खा मासा काठीला लावून निखाऱ्यावर भाजतात, ष्टेकरलफिश म्हणतात त्याला. तिखट हवंच असेल तर लसणीची चटणी बाजूला, माशावर नको.

वेंगुर्ल्याचा_वारा
दोघांचे आभार. रविवारी सुरमई आणि बोंबील दोन्ही करतो. उरलेल्या बाटल्या फळीवर ठेवल्या तर चालतील?

रत्नांग्रीची_माल्टवाली
अजिबात नको, फ्रिजमध्येच ठेवा. उष्णतेने लागर लवकर शिळी होते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर समजा गेली. आणि दिवाळीपर्यंत राखू नका, रविवारीच संपवा.