लहान मुलांसह परदेशात असताना अकल्पित प्रसंग ओढवल्यास काय करावे?

केळीबाग (सावदा)

नमस्कार. येत्या दिवाळीत आम्ही प्रथमच परदेशी जात आहोत. माझा थोरला भाऊ दुबईत नोकरीला आहे. त्याच्या आग्रहावरून मी, यजमान, साडेपाच वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी असे चौघे दहा दिवसांसाठी निघू. भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची आणि त्याच दिवशी दुपारचे विमान धरायचे, असा बेत आहे. सोबत काय घ्यावे याच्या याद्या पुष्कळ मिळाल्या. आईने तर भावासाठी अनारसे आणि काळा मसाला करण्याचे आधीच ठरवून टाकले आहे. पण माझी काळजी वेगळी आहे. माझे माहेर शहाद्याचे. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजाराच्या गर्दीत, मुलगा वीस मिनिटे हरवला होता. ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला, ओळखीच्या एका दुकानदाराने त्याला ओळखले आणि तो सापडला. जिथे पुकारा कोणत्या भाषेत होईल हेही ठाऊक नाही, तिथे असे काही घडले तर आईबापाने पहिल्या पाच मिनिटांत काय करावे? ज्यांच्यावर असा प्रसंग खरोखर आला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पांझराकाठ (धुळे)

ताई, आमच्यावर हा प्रसंग दुबईतच आला, म्हणून जसे घडले तसे लिहिते. मेट्रोच्या फलाटावर मी धाकट्याची बाबागाडी घडी करत होते, यजमान नकाशा पाहत होते, आणि पाच वर्षांचा थोरला दार उघडताच आत शिरला. आम्ही वळेपर्यंत दारे मिटली आणि गाडी निघाली. तेथील मेट्रो चालकाविना धावते, त्यामुळे हाक मारावी असा गार्ड किंवा चालकही समोर नव्हता. खरी चूक त्यानंतर झाली. पुढची गाडी दोघांनी मिळून पकडावी की एकाने तिथेच थांबावे, यावर आम्ही वाद घालत राहिलो आणि हाताशी असलेली मोलाची मिनिटे गमावली.

डब्यातल्या एका बाईंनी त्याला पुढच्या स्थानकावर उतरवून कर्मचाऱ्यांच्या ताब्यात दिले होते. मुलगा आजीजवळ वाढलेला, बोलणे सगळे अहिराणीत. तो रडत एकच वाक्य म्हणत होता, “माले माय पायजे.” तेथील एका हिंदी जाणणाऱ्या कर्मचाऱ्याला ‘माय’ एवढे कळले. आईवडिलांचे नाव विचारल्यावर तो ‘मम्मी’ आणि ‘पप्पा’ यापलीकडे काही सांगू शकला नाही. त्याच्या खिशात मी चिठ्ठी ठेवली होती, पण तिच्यावर आमचा इथला दहा आकडी क्रमांक होता. आधी ९१ हा देशाचा संकेतांक नसल्याने तेथील फोनवरून तो लागेना. अखेर आमच्या स्थानकावरच्या कर्मचाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा भेट झाली.

तेव्हापासून आमच्या घरी काही गोष्टी ठरलेल्या आहेत. गाडीत चढताना एक मोठा माणूस आधी, मुले मध्ये, दुसरा मोठा माणूस शेवटी. मूल गाडीत एकटे गेलेच तर त्याने पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच उभे राहायचे. फलाटावर राहिले तर तिथून हलायचे नाही. आमच्यापैकी जो गाडीजवळ असेल त्याने पुढे जायचे आणि दुसऱ्याने जागा सोडायची नाही, म्हणजे त्या क्षणी वादाला जागा उरत नाही. रोज सकाळी बाहेर पडताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवते, कारण पोलिसांनी विचारले तेव्हा सदऱ्याचा रंगही मला आठवला नव्हता. मुलाकडून नुसते पाठ करून घेऊ नका, घरीच दोनचार वेळा करवून घ्या. आम्ही ओसरीवर पाट मांडून त्यांची ‘गाडी’ केली होती.

दोंडाईचेकर (सध्या शारजा)

ताई, अनारसे वाचले आणि हातातले काम बाजूला ठेवून लिहीत आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणण्यास बंदी आहे. आपल्याकडे किराणा दुकानात सहज मिळणारी ही वस्तू अफूच्या बोंडातले बी असल्यामुळे तेथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. अनारसा खसखशीवर थापतात, काळ्या मसाल्यात ती भाजून घालतात, डिंकाच्या लाडवांतही असते; यांपैकी काहीही आणू नका. ज्या पिशवीत किंवा डब्यात पूर्वी खसखस होती, तीही घेऊ नका, कारण तळाशी दाणे राहतात. चौकशीसाठी तुम्हाला बाजूला बसवले, तर रात्रभर रेल्वेत आणि मग विमानात शिणलेली दोन लेकरेही तुमच्याबरोबर ताटकळतील. कोडीन असलेले खोकल्याचे औषधही येथे पूर्वपरवानगीशिवाय आणता येत नाही. पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९८ हे क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये आजच साठवा. तुमच्या भावाला शेवेची भाजी येथेही करून खाता येते, आईंना तेवढे सांगा.

बालरोगतज्ज्ञ (भुसावळ)

मी व्यवसायाने मुलांचा डॉक्टर आहे, तरीही सिंगापूरच्या हॉटेलात माझ्या पावणेदोन वर्षांच्या मुलीला तापात झटके आले, तेव्हा माझे हात थरथरत होते. सहा महिने ते पाच वर्षे या वयात ताप वेगाने चढताना काही मुलांना असे झटके येतात. ते पाहणे भयंकर असते, पण बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआप थांबतात. मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवाव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात बोट, चमचा किंवा पाणी घालू नये. आपल्याकडे कांदा किंवा चप्पल हुंगवतात, त्याचा काहीही उपयोग नाही आणि त्यात वेळ जातो. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर रुग्णवाहिका बोलवावी, आणि थांबले तरी पहिल्या वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी चूक औषधाच्या मात्रेत होते. मुलांचे पॅरासिटामॉल पाच मिलिलिटरमध्ये कुठे १२० मिलिग्रॅम तर कुठे २५० मिलिग्रॅम असते, त्यामुळे ‘आम्ही नेहमी एक चमचा देतो’ हा हिशेब नव्या बाटलीला लागू पडत नाही आणि मात्रा दुप्पट होऊ शकते. निघण्यापूर्वी दोन्ही मुलांचे वजन करून, त्यानुसार मात्रा मिलिग्रॅममध्ये आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

गिरणाथडी (चाळीसगाव)

आमचा प्रसंग थोडक्यात सांगतो. बँकॉकच्या हॉटेलात तीन वर्षांच्या मुलीने आपल्या पासपोर्टच्या फोटोच्या पानावर स्केचपेनाने चित्र काढले. खराब झालेल्या पासपोर्टवर पुढे सिंगापूरला जाणे शक्य नव्हते. भारतीय दूतावासातून आपत्कालीन प्रमाणपत्र घेतले, पण ते केवळ भारतात परतण्यापुरते असते, म्हणून पुढचा प्रवास रद्द करावा लागला. मुलांचे पासपोर्ट मुलांच्या हाती ‘बघू दे’ म्हणूनही देऊ नका, आणि त्यांचे चारदोन फोटो व पासपोर्टच्या प्रती वेगळ्या पिशवीत ठेवा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे निघण्याच्या दिवशी सहा महिन्यांहून अधिक मुदत उरली आहे ना, तेही पाहून घ्या.

केळीबाग (सावदा)

सर्वांचे मनापासून आभार. खसखशीची गोष्ट आम्हा कोणालाच ठाऊक नव्हती. आईला आजच फोन केला, ती क्षणभर गप्प झाली आणि मग अनारसे भाऊ गावी येईल तेव्हा करीन म्हणाली. मुलीचे वजन आज ११ किलो ४०० ग्रॅम भरले, उद्या डॉक्टरांकडून मात्रा लिहून घेते. मुलाच्या खिशातल्या चिठ्ठीवर भावाचा दुबईतला क्रमांक ९७१ या संकेतांकासह आणि आमचे दोन्ही क्रमांक ९१ लावून लिहिले आहेत. संध्याकाळी अंगणात दोन खाटांमध्ये अंतर ठेवून ‘स्थानके’ केली. पहिल्या तीन वेळा तो आमच्याकडे पळत आला, चौथ्या वेळी दुसऱ्या खाटेजवळ उभा राहिला.